बेचाळीस प्रश्नांचा कागद घरी ठेवा

ताई,

मी बँकेत नोकरी करतो, वय ४१. गावातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन हौसेनं करतो, त्यामुळे कुणाची मुलाखत घ्यायची म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. गेल्या वर्षी एका मोठ्या उद्योजकांची प्रकट मुलाखत घेतली. बेचाळीस प्रश्न लिहून नेले होते. साहेबांनी पहिल्याच प्रश्नाला बावीस मिनिटं उत्तर दिलं, आणि ते उत्तर मी आधी तीन ठिकाणी जसंच्या तसं वाचलेलं होतं. लोक मोबाइल बघत बसले. शेवटी एक काका येऊन म्हणाले, "तुम्ही मान छान डोलावता."

आता आमच्या वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त ८१ वर्षांच्या डॉक्टरबाईंची मुलाखत ठरली आहे. १९७० साली त्या आमच्या तालुक्याच्या गावी आल्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलंय, मीसुद्धा. फोन केला तर म्हणाल्या, "माझ्याकडे काय आहे रे सांगण्यासारखं? बाळंतपणं केली." म्हणजे मागच्या वेळी पाहुणे थांबत नव्हते, या वेळी सुरूच होणार नाहीत. त्यात त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. शिवाय त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ऐंशीच्या दशकात एक बाई बाळंतपणात दगावली होती, दवाखान्यावर दगडफेक झाली होती, तो विषय काढू नका. पण तो तर गावात सगळ्यांना माहीत आहे. काढला नाही तर मुलाखत खोटी वाटेल, आणि काढला तर? मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. काय करू?

– एक मान डोलावणारा

*

प्रिय मान डोलावणारे,

त्या काकांवर रागावू नका. मी आकाशवाणीत पंचवीस वर्षं काढली. त्यातली पहिली पाच माइकसमोर "अच्छा", "वा", "हो का" म्हणण्यातच गेली. तेव्हाच्या टेपा ऐकल्या की पाहुण्याच्या प्रत्येक वाक्यामागून माझं एक "अच्छा" शेपटीसारखं हलताना ऐकू येतं.

आधी तुमच्या उद्योजकांचं बघू, कारण डॉक्टरबाईंचं उत्तर तिथेच आहे. त्यांना तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असेल ते मी न सांगता ओळखते: "साहेब, आपल्या या प्रवासाबद्दल काय सांगाल?" ज्याला वीस वर्षं लोक हेच विचारतात त्याच्याकडे याचं उत्तर गुळगुळीत होऊन तयार असतं. गरिबी, सायकल, पहिली ऑर्डर, आईचा आशीर्वाद. यात खोटं काही नसतं, फक्त ते सांगताना त्याला स्वतःलाच काही आठवावं लागत नाही. कळ दाबली की चालू. तुमच्या कागदावरचे उरलेले एक्केचाळीस प्रश्न त्या बावीस मिनिटांत गिळले गेले, कारण तेही त्याच जातीचे होते.

हे मला शिकवलं मिरजेतल्या एका तंबोरे करणाऱ्या बुजुर्गांनी. सांगलीला असताना त्यांचं ध्वनिमुद्रण करायला त्यांच्या दुकानात गेले होते. पहिला प्रश्न विचारला, "एवढ्या मोठमोठ्या गायकांसाठी वाद्यं केलीत, काय वाटतं?" "कृपा आहे." "घराण्याची परंपरा पुढे नेताना काय भावना असते?" "वडिलांची कृपा." असं अकरा मिनिटं चाललं. नंतर टेप ऐकून मोजलं, सात वेळा कृपा. मी घामाघूम झाले. प्रश्न संपले, म्हणून वर बघितलं तर त्यांच्या डोक्यावर छताला वाळलेले भोपळे टांगलेले. काही सुचेना म्हणून विचारलं, "यातला कुठला तुम्ही वापरणार नाही?"

म्हातारबुवा उठले. माइकची वायर ताणली गेली, माझ्या तंत्रज्ञानं कपाळाला हात लावला. त्यांनी एक भोपळा खाली काढला, बोटाच्या पेरानं टक् टक् वाजवला आणि म्हणाले, "हा. ऐका. इथं बोलतोय, इथं गप्प आहे. एका अंगानं पातळ पडलाय." मग दुसरा काढला. मग पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळाच का, कुणाच्या मळ्यातला, वेलावर असताना तो कसा टेकवतात, हे सगळं निघालं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावताना (तारेला झंकार यावा म्हणून ती पट्टी घासताना) कानस किती हलकी फिरवायची ते त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. रेडिओवर हे दिसणार नाही याचं त्यांना भानच नव्हतं. आणि मग, मी न विचारता, बाराव्या वर्षी एक हात जास्त मारला म्हणून वडिलांनी थोबाडीत कशी दिली, ते तंबोरं नंतर वडिलांनी कुणालाच विकलं नाही, घरीच ठेवलं, हे सांगता सांगता त्यांचा आवाज गेला. चाळीस मिनिटं. अकरा मिनिटं मी भावना मागत होते तेव्हा मला कृपा मिळत होती. भोपळ्याबद्दल विचारलं तर वडील आले.

तेव्हापासून मी पाहुण्याला 'काय वाटतं' हे विचारणं जवळजवळ सोडून दिलं. काम विचारते. कसं करता, कशानं करता, कुठे फसतं, कुणाला नाही म्हणता.

ही काही माझी अक्कल नाही. 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकात १९५३ सालापासून लेखकांच्या मोठ्या मुलाखती छापून येतात. १९५८ साली जॉर्ज प्लिम्टननं तिथे हेमिंग्वेला विचारलं, की पुनर्लेखन किती करता? हेमिंग्वे म्हणाला, एका कादंबरीचं शेवटचं पान ३९ वेळा लिहिलं. अडलं कुठे होतं, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, शब्द नीट बसत नव्हते, एवढंच. त्याला प्रतिभेबद्दल विचारलं असतं तर तो बहुधा खेकसला असता. पानाबद्दल विचारलं म्हणून आकडा सांगितला, आणि तो आकडा लोक अजून विसरलेले नाहीत.

आता डॉक्टरबाई. "बाळंतपणं केली" असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही ते नकार म्हणून ऐकलंत. अहो, तेच तर उत्तर आहे! तिथेच पकडायचं. किती केली असतील? पहिलं कुणाचं, दवाखान्यात की घरी जाऊन? रात्री बोलावणं यायचं तेव्हा कसं यायचं, बैलगाडी, सायकल, दारावर थाप? वीज होती? नसेल तर टाके कशाच्या उजेडात घातले? काचेच्या सिरिंज कशावर उकळायच्या, आणि रॉकेल नसेल त्या दिवशी? रक्त लागलं तर कुठून यायचं आणि तोवर काय करायचं? सुईणी होत्या ना गावात, त्यांच्याशी पटलं की भांडण झालं? हा शेवटचा प्रश्न मला स्वतःलाच ऐकायला आवडेल.

आणि पैशाचं विचारा. आपल्याकडे मोठ्या माणसाला फी किती घेत होता हे विचारणं असभ्य समजतात, आणि त्यामुळे निम्मं आयुष्य मुलाखतीबाहेर राहतं. तुम्ही बँकेतले, तुम्हाला शोभेल. पहिली फी किती? उधारीची वही होती का? ज्वारीचं पोतं आलं का कधी फीऐवजी? कर्ज काढलं तेव्हा बँकेनं तारण काय मागितलं होतं?

तयारी म्हणून बेचाळीस प्रश्नांऐवजी एक कागद करा. डाव्या बाजूला त्यांची वर्षं, उजव्या बाजूला बाहेर काय चाललं होतं ते. १९७० साली आल्या, म्हणजे १९७२ चा दुष्काळ दोनच वर्षांत. खडी फोडायला गेलेल्या गरोदर बायका त्यांच्याकडेच आल्या असणार. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. त्याआधी आणि त्यानंतर दवाखान्याच्या दारात काय फरक पडला, हे सांगू शकणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. १९७५ ते ७७ आणीबाणी, नसबंदीची मोहीम. तालुक्याच्या डॉक्टरवर दबाव आला असेल की नसेल? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून तर विचारायचं. मग सोनोग्राफी आली. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिल्यांदा. इथे फक्त एक प्रश्न पुरे: "बाई, 'मुलगा की मुलगी' हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि तुम्ही काय म्हणालात?" मग गप्प बसा.

गप्प बसणं हा निम्मा धंदा आहे. रेडिओत चार सेकंद शांतता पडली की ड्यूटीवरचा अधिकारी दचकून उठायचा, त्यामुळे मला हे फार उशिरा जमलं. वयस्क माणसाचं उत्तर संपलंय असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा ते पायरीवर थांबलेलं असतं. मनात पाच आकडे मोजा. त्यानंतर जे येतं ते पाठ केलेलं नसतं. आणि काही म्हणायचंच झालं तर "म्हणजे?" किंवा "मग?" एवढंच म्हणा.

वैद्यक कळत नाही याची लाज सोडा. कळणारा डॉक्टर समोर बसवला असता तर दोघे मिळून लॅटिन नावं घेत बसले असते. तुम्ही "चिमटा लावणं म्हणजे नक्की काय करता?" असं विचारलंत की बाईंना हातानं दाखवावं लागेल. शिकागोच्या रेडिओवर स्टड्स टर्केल ४५ वर्षं माणसांना बोलतं करत होता, आणि त्याला म्हणे स्वतःचं टेपरेकॉर्डर कधी धड चालवता आलं नाही. समोरचाच मदतीला धावायचा. ज्यानं तुमचं बटण दाबून दिलं, तो तुम्हाला घाबरत नाही. अज्ञान मात्र खरं असू द्या. इंटरनेटवर दोन मिनिटांत मिळेल ते विचारलंत तर तो आळस.

वाचण्यासारखं जे असेल ते सगळं वाचा, पण त्यात न बसणारा तपशील शोधा. जयंत नारळीकरांना सगळे विश्वाबद्दल विचारायचे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि परीक्षकांनी आपल्याला ओळखू नये म्हणून शाळकरी मुलासारखी लबाडी करतो! माणूस असल्या ठिकाणी सापडतो. डॉक्टरबाईंचं असं काही आहे का ते त्यांच्या जुन्या नर्सला विचारा, कंपाउंडरला विचारा. मुलाला शेवटी.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्यांच्या घरी एकदा जाऊन या. चहा प्या, पण गोष्टी काढू नका. गोष्ट घरी सांगून झाली की स्टेजवर तिचा गोषवारा येतो, "ते मी तुला सांगितलंच परवा" या वाक्यासकट. तिथे एकच काम करायचं. बीबीसीवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालू आहे: पाहुण्यानं निर्जन बेटावर न्यायला आठ गाणी निवडायची. रॉय प्लमली नावाच्या माणसाची कल्पना, ऐन महायुद्धात सुरू झालेली, आणि अजून तिला मरण नाही. कारण पाहुण्याला वाटतं आपण गाण्यांबद्दल बोलतोय. तुम्ही बाईंना सांगा, दवाखान्याच्या कपाटातून चार वस्तू काढून ठेवा, स्टेजवर आणायच्या आहेत. स्टेथोस्कोप नको, तो सगळेच आणतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्यांच्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ असतं. जुनं रजिस्टर निघालं तर आणू द्या, पण त्यातलं एकही नाव मोठ्यानं वाचायचं नाही. त्या बायकांच्या सुना प्रेक्षकांत बसलेल्या असतील.

आता दगडफेक.

१९६० साली बीबीसीवर जॉन फ्रीमन नावाच्या मुलाखतकारानं गिल्बर्ट हार्डिंगला समोर बसवलं. हार्डिंग त्या काळचा मोठा लोकप्रिय आणि तापट माणूस. कॅमेरा सतत पाहुण्याच्या चेहऱ्यावर. फ्रीमननं विचारलं, कुणाला मरताना तुम्ही जवळून पाहिलंय का? हार्डिंगचा आवाज कापला, डोळे भरले. त्याची आई त्याच्यादेखत गेली होती. सगळ्या देशानं ते पाहिलं. काही आठवड्यांत हार्डिंग स्वतःच गेला, आणि फ्रीमनला त्या प्रश्नाबद्दल पुढे कायम बोलावं लागलं. मुलाखतीच्या धंद्यात हा प्रसंग उत्तम मुलाखतीचा नमुना म्हणून सांगतात. मी तो सावध राहण्यासाठी सांगते. बेसावध माणसाच्या जखमेवर बोट ठेवून आलेलं पाणी खरं असतं, पण त्यासाठी त्याची परवानगी कुणी घेतलेली नसते.

तरीही मुलाचं ऐकून विषय गाळू नका. ती जखम मुलाचीही आहे, दगड पडत होते तेव्हा तो लहान असेल आणि घरात असेल. त्याला धुडकावू नका. पण मुलाखत त्याची नाही. ८१ वर्षांच्या, शुद्धीवरच्या, अर्ध्या गावाला जगात आणणाऱ्या बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणी परस्पर 'नको' म्हणणं मला पटत नाही. घरी जाल तेव्हा निघताना, चप्पल घालता घालता नव्हे, बसून विचारा: "बाई, त्या वेळच्या दगडफेकीबद्दल बोलायचंय का तुम्हाला? नको म्हणालात तर तो विषय माझ्याकडून येणार नाही." 'नको' म्हणाल्या तर नको. प्रेक्षकांतून कुणी काढला तर तुम्ही मधे पडायचं. 'विचार' म्हणाल्या तर कार्यक्रमाच्या मध्यावर विचारा, शेवटी नाही, म्हणजे तिथून बाहेर यायला त्यांना वेळ मिळेल. विचारतानाही "त्या दुर्दैवी घटनेनं आपण किती खचलात?" असलं काही नको. "दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडलात का?" एवढंच विचारा. आणि दगावलेल्या बाईचं कुटुंब गावातच असेल हे विसरू नका. तिचं नाव, आडनाव, वाडी, काही नाही. तुमच्या बाजूनं निवाडाही नको, "बाईंची चूक नव्हतीच" असा सुद्धा. तुम्ही तिथे नव्हता.

व्यवस्थेचं थोडक्यात सांगते, कारण निम्म्या मुलाखती तिथेच मरतात. सत्कार मुलाखतीनंतर ठेवायला लावा. शाल अंगावर पडली, हातात श्रीफळ आलं, की माणसाचा पुतळा होतो, आणि पुतळे बोलत नाहीत. अध्यक्षांना पाच मिनिटं, हातात घड्याळ धरून. परिचयात आनंदीबाई जोशींचा वारसा वगैरे आणू देऊ नका, बाईंना त्याच्यानंतर तोंड उघडायची चोरी होईल. त्या मंगल कार्यालयातल्या लाल मखमली सिंहासनांऐवजी साध्या हाताच्या खुर्च्या, थोड्या तिरक्या. डोक्यावरचा पंखा आवाज करत असेल तर आधीच बंद करून बघा. माइक कॉलरचा, म्हणजे हात मोकळे राहतील, त्यांना चिमटा दाखवायचा आहे. सत्तर मिनिटांत आटपा. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ विचारून घ्या. "तरुण पिढीला काय संदेश द्याल?" हा प्रश्न कुणी चिठ्ठीवर पाठवला तर चिठ्ठी खिशात घाला.

मुलाखतकार सुधीर गाडगीळांसारखी कोटी मधेच सुचली तर ती गिळा. ती त्यांना शोभते. माझ्या एका फसलेल्या कोटीनंतर एक थोर गायिका उरलेला अर्धा तास हो-नाहीत उत्तरं देत बसल्या होत्या.

ध्वनिमुद्रण दोन फोनवर करा, दोन्ही विमान मोडवर. स्मरणिकेत छापायचं असेल तर तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास धरा, आणि छापण्याआधी मजकूर बाईंना वाचून दाखवा. 'पॅरिस रिव्ह्यू'वालेसुद्धा लेखकाला दाखवून, दुरुस्त्या घेऊन मगच छापत आले आहेत, त्यात कमीपणा नाही. मूळ आवाज मात्र न कापता वाचनालयात ठेवा. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांचे असे आवाज आणि आठवणी जपते आहे. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयांना एक कप्पा करायला काय हरकत आहे? दुष्काळात खडीवरून आलेल्या बाईचं बाळंतपण कसं केलं, हे आणखी दहा वर्षांनी कुणाला विचारणार?

आणि एक. तुम्ही त्यांच्याच हातावर जन्मलात हे त्यांना आठवत असेल असं धरून चालू नका, आणि स्टेजवर ते सांगून टाळ्याही घेऊ नका. घरी जाल तेव्हा हळूच तारीख सांगा. रजिस्टर असेल तर बाई स्वतःच पान उलटतील. तिथून पुढे त्यांना बोलतं करावं लागेल असं मला वाटत नाही.

त्याच वेळी कुठल्या कानानं नीट ऐकू येतं तेही विचारून घ्या. तुमची खुर्ची त्या बाजूला.

– ताई